तांदळाचा जपानी लेप आणि चेहऱ्याची रोमरंध्रे

दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढला की खुलताबादची वेस लागते, आणि पलीकडचा उतार उतरला की वेरूळ. या मार्गाला जपानी माणूस अपरिचित नाही. वेरूळची पहिली बारा लेणी बौद्ध धर्माची असल्यामुळे त्या देशाचे प्रवासी ती पाहावयास येत असतात. अजिंठा-वेरूळ परिसराच्या संवर्धनाचा व पर्यटनविकासाचा प्रकल्पही जपानच्या कर्जसाहाय्याने झाला. त्याचा पहिला टप्पा १९९२ च्या व दुसरा २००३ च्या करारान्वये हाती घेण्यात आला. आता त्याच देशाची एक निराळी वस्तू मोबाइलच्या पडद्यावरून खेडोपाडी पोचली आहे. ती म्हणजे चेहऱ्यावर लावावयाचा तांदळाचा लेप. तो लावल्याने नाकावरील व गालांवरील बारीक छिद्रे दिसेनाशी होतात आणि कांती तुकतुकीत दिसू लागते, असे त्याच्या जाहिरातीत सांगितलेले असते.

शेतीविषयक पत्रिकेत हा विषय कशासाठी, अशी शंका एखाद्या वाचकास येईल. गावात प्रत्यक्ष काम करणाऱ्या कार्यकर्त्यास ती येणार नाही. मका व कापूस विकून हाती आलेल्या पैशातून लग्नसराईच्या तोंडावर जी खरेदी होते, तीत चेहऱ्यास लावावयाच्या नळ्या, डब्या व पुड्या असतातच. त्यांपैकी काही निरुपद्रवी असतात, काही निरुपयोगी असतात, आणि काही अशा असतात की त्यांनी झालेली हानी पुढे कित्येक महिने निस्तरावी लागते. मुलगी आईला विचारते, आई अंगणवाडी सेविकेस किंवा आशाताईंस विचारते. अशा वेळी “ही सारी थेरे आहेत” असे म्हणून प्रश्न झटकला, तर मुलगी गप्प बसते व दुकानातून हवी ती नळी आणते. म्हणून या लेपात काय असते, तो काय करतो व काय करू शकत नाही, हे कार्यकर्त्यांस नीट ठाऊक असणे इष्ट आहे.

जपानी पद्धतीची जुनी ओळख

तांदूळ आणि जपान ही जोडी महाराष्ट्रातील शेतकऱ्यास प्रथमच भेटत आहे असे नव्हे. १९५०च्या सुमारास बोरिवली येथील कोरा ग्रामोद्योग केंद्रात भातलागवडीच्या जपानी पद्धतीचे प्रयोग झाले, आणि १९५३ साली भारत सरकारने त्या पद्धतीच्या प्रसाराची देशव्यापी मोहीम उघडली. त्या वेळी केंद्रीय कृषिमंत्रिपदी असलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांनी या मोहिमेचा हिरिरीने पुरस्कार केला. गादीवाफ्यावर रोपे तयार करणे, बियाणे कमी वापरणे, रोपांची लावणी ओळीत करणे, कोळपणी व खुरपणी वेळेवर करणे आणि भरपूर खत देणे, अशी ती पद्धत होती. खुलताबादेस तिचा फारसा उपयोग नव्हता. हा मुलूख त्या काळी हैदराबाद राज्यात होता, आणि भात हे येथील पीकही नव्हे; डोंगरमाथ्यावरील या तालुक्यात मका, कापूस, बाजरी, तूर, आले व फळबागा यांचेच प्राबल्य. तांदूळ येथे वाण्याच्या दुकानातून व रेशनमधून घरी येतो.

तथापि त्या मोहिमेतील एक शहाणपण येथेही उपयोगी पडावे. जे शेतकरी चतुर होते त्यांनी संपूर्ण शेत एकदम जपानी पद्धतीस दिले नाही. एका तुकड्यावर नवी पद्धत व शेजारच्या तुकड्यावर जुनी, असे करून त्यांनी सुगीला दोन्ही तुकड्यांचे धान्य मापले. जे परवडले ते ठेवले, उरलेले सोडले. चेहऱ्याच्या लेपाची परीक्षाही याच रीतीने करता येते. ती कशी करावी हे पुढे सांगितले आहे. त्याआधी वस्तूची माहिती घेणे अवश्य आहे.

लेपात असते काय

बाजारातील जपानी लेप दोन प्रकारचा असतो. एक प्रकार मलमासारखा असून चेहऱ्यावर थापून काही मिनिटांनी धुऊन टाकावयाचा असतो. दुसरा प्रकार म्हणजे चेहऱ्याच्या आकाराचे कापलेले पातळ कापड. डोळे, नाक व तोंड यांच्या जागी त्यास छेद असतात, आणि ते तांदळापासून काढलेल्या काही द्रव्यांच्या पाण्यात भिजवून पाकिटात बंद केलेले असते. दोहोंतही मोठा वाटा पाण्याचा. त्याखालोखाल पाणी धरून ठेवणारी ग्लिसरीनसारखी द्रव्ये, आणि मग तांदळाचा अर्क, आंबवलेल्या तांदळाचे पाणी किंवा कोंड्याचे तेल यांपैकी काही. पाकिटावर तांदळाची लोंबी ठळक छापलेली असली, तरी आतील तांदळाचे प्रमाण लोंबीइतके ठळक असेलच असे नाही.

मूळची जपानी चाल याहून पुष्कळ साधी होती. १६०३ ते १८६८ या एदो कालखंडात शहरांतून पांढऱ्या, सडलेल्या तांदळाचा प्रघात वाढला व त्याबरोबर कोंडाही मुबलक मिळू लागला. या कोंड्यास तेथे ‘नुका’ म्हणतात. स्त्रिया तो सुती कापडाच्या लहानशा पिशवीत बांधीत, कोमट पाण्यात भिजवीत व त्या पिशवीने चेहरा आणि अंग धूत. साबण सर्वत्र होण्यापूर्वीची ही गोष्ट. आपल्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावतात, लेकराला डाळीचे पीठ व साय चोळून न्हाऊ घालतात, त्याच जातीची ही रीत होय. वैद्यकातही तांदळाचे धुवण अनोळखी नाही. आयुर्वेदात ‘तंडुलोदक’ या नावाने ते अनुपान म्हणून सांगितले आहे.

कोंड्यात तेलाचे प्रमाण चांगले असते. त्यात ओरिझॅनॉल, फेरुलिक आम्ल व ई जीवनसत्त्वाच्या गटातील द्रव्ये असतात, आणि म्हणूनच कोंड्याच्या तेलाला प्रसाधनाच्या उद्योगात मागणी आहे. परंतु येथे एक व्यावहारिक अडचण आहे, व ती भात पिकविणाऱ्या भागातील गिरणीमालकास चांगली ठाऊक असते. तांदूळ सडताच कोंड्यातील एक विकर तेलाचे विघटन सुरू करते, आणि थोड्याच दिवसांत कोंडा खवट होतो. खुलताबादच्या पेठेत जनावरांच्या खाद्यासाठी जो कोंडा येतो, तो कित्येक दिवसांचा, धूळ व तुसाने मिसळलेला असतो. तो गोठ्यातच शोभतो. तोंडाला लावू नये.

घरी करावयाचा असेल तर लेप तांदळाच्या पिठाचाच करावा. तांदूळ कोणता घ्यावा याचा घोळ घालण्याचे कारण नाही. जपानी तांदूळ आखूड दाण्याचा व शिजल्यावर चिकट होणारा असतो. त्यातील पिष्टात अॅमिलोज या घटकाचे प्रमाण कमी असल्याने हा चिकटपणा येतो. आपल्याकडील आंबेमोहोर मऊ व चिकट शिजतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ व आयआर-८ यांच्या संकरातून काढलेला आणि १९८७ साली प्रसारित झालेला इंद्रायणी तांदूळही तसाच. परंतु कोलम किंवा रेशनचा तांदूळही चालतो. चिकट तांदळाचा थर थोडा लवचिक बसतो, मोकळ्या तांदळाचा लवकर तडकतो, एवढाच फरक. निवडून उरलेली कणी घेतली तर फारच उत्तम. ताटातील भात त्यासाठी कमी होऊ नये.

रंध्राला कवाड नसते

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. चेहऱ्यावर दिसणाऱ्या बारीक छिद्रांस जपानी भाषेत ‘केआना’ म्हणतात. ‘के’ म्हणजे केस व ‘आना’ म्हणजे भोक. मराठीतील ‘रोमरंध्र’ हा शब्दही अक्षरशः तोच अर्थ सांगतो. दोन्ही भाषांनी वस्तू अचूक ओळखली आहे. प्रत्येक छिद्र हे एका केसाच्या मुळाचे तोंड असते. नाकावरचा केस इतका सूक्ष्म असतो की तो दिसत नाही, पण मूळ असते, आणि त्या मुळाशी तेल स्रवणारी ग्रंथी असते. तिचे तेल त्याच तोंडातून बाहेर येऊन कातडीवर पसरते व तिला कोरडी पडू देत नाही.

हे तोंड उघडझाप करीत नाही. त्याभोवती त्याला मिटवील असा स्नायू नाही. “वाफ घेतल्याने रंध्रे उघडतात व गार पाण्याने मिटतात” हे वाक्य घरोघर ऐकू येते, परंतु ते खरे नव्हे. वाफेने आतील तेलकट खडा मऊ पडतो आणि गार पाण्याने कातडी क्षणभर आक्रसते, इतकेच. रंध्राचा आकार ठरविणाऱ्या गोष्टी निराळ्या आहेत: घराण्यातून आलेली ठेवण, ग्रंथीतून येणाऱ्या तेलाचे प्रमाण, वयोमानाने कातडीचा कमी होणारा ताण, आणि उन्हाने त्या ताणाची होणारी झीज. ज्या मुलीच्या आईच्या व आत्याच्या नाकावर ती स्पष्ट दिसतात, तिच्या नाकावरही ती दिसावीत यात रोग काही नाही. डोळ्यांना जाणवणारे मोठे रंध्रही सहसा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असते. ते पाहण्यासाठी आरसा नाकाशी न्यावा लागतो. समोर बसलेला माणूस ते पाहत नसतो. मोबाइलमधील छायाचित्रांत मात्र कातडीवरून जणू इस्त्री फिरविलेली असते, आणि त्या चित्राशी आपला चेहरा ताडून पाहण्यात पुष्कळ मुलींचे सुख हरवते.

रंध्रात जमलेला काळा ठिपका हाही मळ नव्हे. तेल व मृत पेशी यांचा तो खडा असून हवेचा संपर्क आल्याने त्याचे टोक काळे पडते. तो नखाने किंवा साडीच्या पिनेने काढू पाहिल्यास कातडी जखमी होते व खड्ड्यासारखा व्रण राहतो. घरगुती उपचारांतील बहुतेक हानी याच एका सवयीने होते.

लुगड्याची खळ

मग तांदळाचा लेप लावल्यावर चेहरा खरोखर गुळगुळीत दिसतो, ते कशाने? दिसतो हे खरेच आहे. जाहिरातदार तेवढे खोटे बोलत नाहीत. याचे उत्तर कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे, फक्त ते तिने कपड्यांच्या बाबतीत पाहिलेले असते.

सुती लुगड्यास तांदळाची खळ देतात तेव्हा काय होते? शिजलेले पिष्ट धाग्याधाग्यांच्या मधल्या पोकळीत बसते, सुटलेले तंतू चिकटून राहतात, आणि वाळल्यावर कापडाचा पृष्ठभाग सपाट व चकचकीत दिसतो. लुगड्याची वीण घट्ट झालेली नसते. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते व कापड होते तसे होते. चेहऱ्यावरही हेच घडते. तांदळातील पिष्टाचा मूळ कण नेहमीच्या धान्यांत फार बारीक असून तीन ते आठ मायक्रॉनचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे कण पाण्यात शिजले की फुगून फुटतात व त्यांची खळ होते. तिचा पातळ थर चेहऱ्यावर वाळताना आक्रसतो, म्हणून कातडी ओढल्यासारखी वाटते. पिष्ट वरवरचे तेलही शोषून घेते, त्यामुळे नाकाची चकाकी कमी होते. शिवाय दहापंधरा मिनिटे ओला लेप अंगावर राहिल्याने कातडीचा सर्वांत वरचा थर पाणी पिऊन किंचित फुगतो, त्याचे उंचसखलपण कमी होते व उजेड त्यावर सारखा पडतो. रंध्रे होती तेथेच व होती तेवढीच असतात. ती डोळ्यांत भरत नाहीत, इतकेच. दुसऱ्या दिवशी सकाळी कातडी पुन्हा मूळ पदावर येते.

जपानी पाकिटाचेही कार्य मुख्यतः असेच चालते. त्यातील ग्लिसरीन पाणी अधिक वेळ धरून ठेवते, त्यामुळे परिणाम काही तास अधिक टिकतो. एखाद्या समारंभापुरता चेहरा नितळ दिसावा अशी कोणाची इच्छा असेल, तर त्यात काही गैर नाही, व त्यासाठी घरची खळ पुरेशी आहे.

कृती

दोन चमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम तांदळाचे पीठ घ्यावे. ते वस्त्रगाळ केलेले असावे. या हिशेबाने एक किलो पिठात पन्नास वेळचा लेप होतो, यावरून खर्चाचा अंदाज यावा. पीठ प्रथम थोड्या गार पाण्यात कालवावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग त्यात अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर ढवळीत राहावे. मिश्रण पारदर्शक होऊन पळीला चिकटू लागले की उतरवावे. कोमट झाल्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ग्लिसरीनचे पाचसहा थेंब त्यात मिसळावेत. ग्लिसरीन नसल्यास अर्धा चमचा उकळून गार केलेले दूध चालेल.

चेहरा आधी साध्या पाण्याने धुऊन टिपावा. डोळ्यांभोवतीची जागा व ओठ सोडून लेपाचा पातळ थर बोटांनी पसरावा. दहा ते पंधरा मिनिटांनी, थर पुरता वाळून तडकण्यापूर्वीच, पाण्याचे हबके मारून तो भिजवावा व सैल झाल्यावर धुऊन काढावा. वाळलेला थर ओरबाडून काढल्यास नाजूक कातडी सोलवटते. धुतल्यावर चेहरा कोरडा वाटत असेल तर खोबरेल तेलाचा एक थेंब तळहातावर चोळून फिरवावा. मात्र ज्यांच्या तोंडावर मुरुमे येतात त्यांनी तेल लावू नये. आठवड्यातून एक वेळ पुरे. रोज लावल्याने कातडीचे स्वाभाविक तेल निघून जाते, ती खरखरीत होते व खाजू लागते.

कच्चे पीठ दाणेदार असल्यास त्याने चेहरा घासू नये. गिरणीच्या पिठात कणांचे टोकदार गठ्ठे असतात, आणि त्यांनी पडणारे ओरखडे डोळ्यांना दिसत नसले तरी कातडीस जाणवतात. पुष्कळजणी लेपात लिंबू पिळतात, तेही वर्ज्य समजावे. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले की भाजल्यासारखे लाल चट्टे उठतात व पुढे त्यांचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. कापूस वेचणीच्या दिवसांत हा धोका विशेष. खाण्याचा सोडा व दातांची पेस्ट यांनीही कातडी जळते. पिकावर औषध फवारून आलेल्या माणसाने किंवा फवारलेल्या शेतात काम करून आलेल्या स्त्रीने प्रथम साबणाने हातपाय व तोंड धुऊन, स्नान करून मगच हा विषय काढावा.

एका गालावरची परीक्षा

नवे बियाणे जसे एकदम साऱ्या रानात पेरीत नाहीत, तसा नवा लेप प्रथम चेहऱ्यावर लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाएवढ्या जागेवर तो लावून पंधरा मिनिटांनी धुवावा व दोन दिवस वाट पाहावी. तेथे लाली, पुरळ किंवा कंड उठल्यास तो लेप त्या व्यक्तीस मानवत नाही असे समजावे, मग तो घरचा असो वा जपानचा.

पुढील परीक्षा बचत गटाच्या बैठकीत करण्यासारखी आहे, व तिला खर्च जवळजवळ नाही. पाचसहा जणींनी आठवड्यातून एकदा, चार आठवडे, केवळ एका गालावर लेप लावावा. दुसरा गाल त्याच वेळी साध्या पाण्याने धुवावा. हा दुसरा गाल म्हणजे प्रात्यक्षिकातील तुलनेचा वाफा. काहींनी उजवा गाल निवडावा, काहींनी डावा, आणि कोणी कोणता निवडला हे एका वहीत लिहून ठेवावे. मग ज्या स्त्रीने लेप लावताना पाहिलेले नाही तिला बोलावून, खिडकीच्या त्याच उजेडात, कोणता गाल अधिक नितळ दिसतो हे विचारावे. ही विचारणा तीन वेळा व्हावी: लेप धुतल्यावर लगेच, त्याच दिवशी संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. तिचे उत्तर वहीतील नोंदीशी ताडून पाहावे.

लगेच विचारले असता ती बहुधा बरोबर गाल दाखवील. संध्याकाळी चुकू लागेल. दुसऱ्या दिवशी तिचे उत्तर म्हणजे छापाकाटा ठरण्याचा संभव अधिक. ज्या मुलीने ही वही स्वतः लिहिली, तिला पुढे कोणत्याही नळीवरील “सात दिवसांत रंध्रे नाहीशी” हे वाक्य वाचताना पहिला प्रश्न सुचेल तो दुसऱ्या गालाचा. कार्यकर्त्यांनी निष्कर्ष आधी सांगण्याची घाई करू नये. विकत आणलेले जपानी पाकीट गटात कोणाकडे असलेच, तर त्याचीही हीच परीक्षा करावी. घरची खळ एका गालावर व पाकिटातील लेप दुसऱ्या गालावर असा सामना तर अधिकच उद्बोधक होईल.

धोका लेपात नाही, नळीत आहे

तांदळाच्या लेपाने फार तर पैसे किंवा वेळ वाया जाईल. परंतु त्याने रंध्रे कायमची गेली नाहीत म्हणून निराश झालेली मुलगी पुढची पायरी म्हणून जी मलमे विकत घेते, ती काळजीची बाब आहे. त्यांतील दोन वर्ग कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावेत.

पहिला वर्ग स्टिरॉइडयुक्त मलमांचा. ही औषधे विशिष्ट त्वचारोगांवर, वैद्याच्या सल्ल्याने, थोडे दिवस वापरावयाची असतात. उजळपणासाठी ती चेहऱ्यास लावली की आरंभी आठदहा दिवस कांती सुंदर दिसते, आणि तेथेच फसगत होते. नंतर कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुरळ व लव वाढते. आणि मलम बंद करताच चेहरा लालबुंद होऊन आग होते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. या दुरुपयोगामुळे मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टिरॉइडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. दुकानदार ओळखीचा आहे म्हणून हा नियम शिथिल होत नाही.

दुसरा वर्ग पारा असलेल्या मलमांचा. पारा कातडीतील रंगद्रव्य तयार होण्यास अडथळा करतो, म्हणून चेहरा गोरा दिसतो. परंतु तो कातडीतून शरीरात शिरून मूत्रपिंडांवर आघात करतो. २०२३ च्या आरंभी अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींची मूत्रपिंडे अशा एका मलमामुळे बिघडल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते, व त्यांच्या मलमात पाऱ्याचे प्रमाण अतिशय आढळले होते. त्या तिघींनी काही जालीम औषध घेतले नव्हते. चेहऱ्यास लावावयाची एक डबी घरात आली व ती सर्वांनी मिळून वापरली.

खरेदी करताना पाकीट उलटे करून पाहण्याची सवय लावावी. देशात तयार झालेल्या प्रसाधनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, गट क्रमांक आणि वापरण्याची अंतिम मुदत छापलेली असली पाहिजे. परदेशाहून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता व आयातीचा नोंदणी क्रमांक हवा. पाकिटावर केवळ जपानी किंवा कोरियन अक्षरे असून यांपैकी काहीच नसेल, तर ते नेमके कोठून आले हे दुकानदारासही ठाऊक नसते.

ज्या मुलीच्या चेहऱ्यावर दुखरी मुरुमे, पू किंवा पसरणारे डाग आहेत तिला लेपाच्या नादी लावू नये. खुलताबादच्या ग्रामीण रुग्णालयात प्रथम दाखवावे. अधिक तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ज्यास सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो, तेथे त्वचारोग विभाग आहे. आणि ज्या उन्हाने कातडीचा ताण कमी होतो व रंध्रे अधिक दिसू लागतात, त्यावर उपाय शेतात जाण्यापूर्वीच करावयाचा असतो. वेचणीला जाताना रुमाल किंवा ओढणी कपाळ, गाल व मान झाकील अशी बांधावी. बहुतेक स्त्रिया ती बांधतातच. पुरुषांनीही तसे करण्यास हरकत नसावी. त्यांच्याही नाकास रंध्रे असतात.

विक्रीचा विचार

हा लेप करता येऊ लागला की एखाद्या बचत गटास तो पुड्या बांधून वेरूळच्या प्रवाशांस विकावासा वाटणे स्वाभाविक आहे. घरच्यापुरता लेप करण्यास कोणाचीही अनुज्ञा लागत नाही. विक्रीसाठी मात्र २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार परवाना घ्यावा लागतो व तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. शिजवलेली खळ एका दिवसात आंबते, तेव्हा ती विकण्याची कल्पना सोडून द्यावी. कोरडे, वस्त्रगाळ पीठ व त्यात हळद अशी उटण्याच्या जातीची वस्तू टिकाऊ असते. तथापि परवाना, स्वच्छ जागा व पाकिटावरील मजकूर यांची व्यवस्था झाल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत. पुडीवर ‘रंध्रे नाहीशी होतात’ असे तर मुळीच छापू नये. गटातील वही त्याविरुद्ध साक्ष देईल.

वाटीत उरलेला लेप दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. शिजलेल्या पिष्टात जंतू झपाट्याने वाढतात, आणि आंबट वास येऊ लागलेला लेप चेहऱ्यास लावणे धोक्याचे असते. पातेल्यातील सारी खळ एका वेळी लागत नाही, म्हणून ग्लिसरीन किंवा दूध घालण्यापूर्वीच निम्मी बाजूस काढावी, तीत तांब्याभर पाणी मिसळून गाळून घ्यावे, आणि धुतलेली सुती साडी किंवा वेचणीची ओढणी तीत बुचकळून, हलके पिळून, दोरीवर ताणून वाळत घालावी.